घटलेलें वजन आणि वाढीची धास्ती

कष्टानें मिळविलेली वस्तु हातची जाईल कीं काय, ही धास्ती मनुष्यास नवीन नाहीं. कर्ज फेडून मोकळा झालेला गृहस्थ पुढें कित्येक दिवस दारावरची थाप ऐकून दचकतो. मोठ्या दुखण्यांतून उठलेला मनुष्य साध्या सर्दीनेंही घाबरा होतो. त्याच जातीची, परंतु अधिक चिवट अशी एक भीति अलीकडे शहरांतील कित्येक घरांत शिरली आहे. स्थौल्य कमी करण्यासाठीं जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या स्त्रीपुरुषांची ती भीति होय. तीस-चाळीस किलो वजन उतरलेलें असतें, मधुमेहाच्या गोळ्या कमी झालेल्या असतात, जिना चढतांना धाप लागत नाहीं; आणि तरीही मनांत एकच प्रश्न घोळत असतो : हें सारें परत तर येणार नाहीं ना? ही भीति कितपत खरी, ती शरीराचें व मनाचें काय करते आणि तिला आवरावें कसें, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

प्रथम ही शस्त्रक्रिया काय करते तें पाहूं. वजन घटविण्यासाठीं पोटावर शस्त्र चालविण्याची कल्पना फार जुनी नाहीं. १९५४ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांतील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनीं लहान आंतड्याचा बराचसा भाग अन्नमार्गांतून वगळण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. तिच्यामुळें वजन उतरे, परंतु पोषणाचे व यकृताचे विकार जडत. म्हणून कालांतरानें ती सोडून देण्यांत आली. १९६७ सालीं आयोवा विद्यापीठांतील मेसन व इटो यांनीं जठराचाच मार्ग वळविण्याची रीत पुढें मांडली. आज 'गॅस्ट्रिक बायपास' या नांवानें ओळखली जाणारी शस्त्रक्रिया तिचेंच सुधारलेलें रूप होय. तींत जठराच्या वरच्या टोकाशीं सुमारें ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी ठेवून ती लहान आंतड्याच्या पुढच्या भागाशीं जोडतात. दुसरी, आज फार प्रचारांत असलेली रीत 'स्लीव्ह' ही होय. तींत जठराचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची निमुळती नळी तेवढी मागें ठेवतात.

भांडें लहान केलें कीं त्यांत कमी मावतें, एवढाच याचा अर्थ नव्हे. जठराच्या वरच्या भागांत भूक चेतविणारा एक अंतःस्राव तयार होतो. कोजिमा व कांगावा या जपानी संशोधकांनीं तो १९९९ सालीं शोधून काढला व त्यास 'घ्रेलिन' हें नांव मिळालें. स्लीव्ह शस्त्रक्रियेंत मुख्यतः तोच भाग निघून जातो. त्यामुळें पहिल्या कांहीं महिन्यांत भूक जणूं विझल्यासारखी वाटते. बायपासमध्यें अन्न आंतड्यांत लवकर पोंचतें व तृप्तीची सूचना देणारे दुसरे अंतःस्राव वाढतात. भूक नाहीं, चार घासांत पोट भरतें, वजनाचा काटा दर आठवड्यास खालीं सरकतो. असा हा काळ मोठ्या समाधानाचा असतो. परंतु तो कायमचा नसतो. साधारणतः एक ते दोन वर्षांत वजन आपल्या खालच्या मर्यादेस पोंचून थांबतें. भूक थोडी थोडी परत येते, जेवणाचें प्रमाण किंचित् वाढतें. आणि नेमकी येथेंच धास्ती मनांत पाऊल टाकते.

ही धास्ती म्हणजे निव्वळ मनाचे खेळ असें म्हणून तिची बोळवण करतां येत नाहीं. तिच्या मुळाशीं शरीराचा एक धर्म आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ सालीं, मिनेसोटा येथेंच अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सदसद्विवेकाच्या कारणानें युद्धांत शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण स्वखुषीनें त्यांत सामील झाले होते. सहा महिने त्यांस अर्धपोटीं ठेवल्यावर त्यांचें वजन सुमारें पाव हिश्श्यानें उतरलें. परंतु तेवढ्यांत त्यांचें मनही पालटून गेलें. दिवसभर अन्नाचाच विचार, अन्नाचींच बोलणीं, पाककृतींचीं पुस्तकें जमविण्याचा नाद आणि स्वभावांत आलेला चिडखोरपणा, अशी त्यांची स्थिति झाली. प्रयोग संपून मनसोक्त खावयास मिळतांच वजन परत आलें, आणि चरबी तर कांहीं काळ पूर्वीपेक्षांही अधिक सांचली. हे तरुण आळशी नव्हते कीं खादाड नव्हते. उपासमारीस तोंड दिलेल्या शरीरानें आपलें काम चोख बजावलें, इतकेंच.

त्याचा उलगडा पुढें १९९४ सालीं अधिक झाला. जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळेंत 'लेप्टिन' या अंतःस्रावाच्या मुळाशीं असलेला अनुवंशघटक सांपडला. लेप्टिन हा चरबीच्या पेशींतूनच स्रवतो. चरबी घटली कीं त्याचें प्रमाण उतरतें, आणि मेंदूस वाटतें कीं दुष्काळ पडला. मग भूक वाढवावी, शक्तीचा खर्च आखडावा, अशी आज्ञा सुटते. दुष्काळांतून वांचत आलेल्या मनुष्यजातीस हा गुण उपकारक ठरला. भरल्या घरांत तोच अडचणीचा होतो. शस्त्रक्रिया या झगड्यांत मनुष्याच्या बाजूनें उभी राहते, पण झगडा मिटवीत नाहीं. म्हणून वजन थोडें परत आलें तर तो चारित्र्याचा दोष ठरत नाहीं, ही गोष्ट प्रत्येक घरानें पहिल्यांदा मनाशीं पक्की केली पाहिजे.

आतां, परत येतें म्हणजे किती येतें? भीतीस आंकडा नसतो. ती नेहमीं 'सारें गेलें' याच भाषेंत बोलते. म्हणून खरे आंकडे पाहणें हितकारक आहे. स्वीडनमध्यें १९८७ सालीं एक दीर्घ पाहणी सुरू झाली. तींत ४,००० हून अधिक स्थूल स्त्रीपुरुष होते. त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांनीं शस्त्रक्रिया करून घेतली व बाकीच्यांनीं नेहमींचे उपचार घेतले. २००७ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बायपास झालेल्यांचें वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरीनें ३२ टक्के उतरलें होतें; दहा वर्षांनीं ही घट २५ टक्के राहिली. शस्त्रक्रिया न केलेल्यांचें वजन मात्र साऱ्या काळांत जवळजवळ जागच्या जागींच होतें. मृत्यूचें प्रमाणही शस्त्रक्रिया झालेल्या गटांत कमी आढळलें.

हें त्रैराशिकानें मांडून पाहूं. एखाद्याचें वजन प्रथम १२० किलो होतें असें धरूं. ३२ टक्के घट म्हणजे तें सुमारें ८२ किलोपर्यंत आलें. दहा वर्षांनीं घट २५ टक्के उरली, म्हणजे वजन ९० किलो झालें. ज्याची नजर ८२ या आंकड्यावर खिळली आहे, तो म्हणेल, "आठ किलो वाढले, सर्वस्व गेलें!" जो १२० पासून मोजील, तो म्हणेल, "तीस किलो दहा वर्षें दूर राहिले." दोघेही एकच काटा वाचीत आहेत. सर्वांत खालचा आंकडा हा मुक्कामाचा गांव नसून वाटेंतलें एक ठिकाण असतें. तेथून थोडें वर येऊन वजन स्थिरावणें हा बहुतेकांच्या बाबतींत ठरलेलाच क्रम आहे. अर्थात् ही सरासरी झाली. कोणाचें याहून अधिक परत येतें, कोणाचें मुळींच येत नाहीं. म्हणून बेफिकीर राहण्यास येथें जागा नाहीं. मात्र हाय खाण्यासही नाहीं.

भीति मर्यादेंत असेल तर ती सावधगिरी शिकविते. मर्यादा सुटली कीं तिचीं दोन रूपें होतात, आणि दोन्हीं घातक. पहिलें रूप अतिदक्षतेचें. अशी व्यक्ति दिवसांतून तीन-चार वेळां काट्यावर उभी राहते. सकाळीं अर्धा किलो अधिक दिसला कीं दुपारचें जेवण टाळते. लग्नाचें आमंत्रण आलें कीं तिला पोटांत गोळा येतो. सणाच्या दिवशीं नैवेद्याच्या पानाजवळ ती बसत नाहीं. बाहेरून हें मोठ्या निग्रहाचें लक्षण दिसतें. परंतु आधींच लहान झालेल्या जठरांत अन्न पुरेसें गेलें नाहीं म्हणजे शरीर चरबीबरोबर स्नायूही खाऊं लागतें. केस गळतात, थकवा येतो, रक्त कमी होतें. आणि दिवसभर दाबून ठेवलेली भूक रात्रीं दुप्पट जोरानें उसळली म्हणजे फडताळांतला डबा केव्हां रिकामा झाला हें त्या व्यक्तीसही कळत नाहीं. मग पश्चात्ताप, आणि दुसऱ्या दिवशीं पुनः उपास, असें चक्र सुरू होतें.

दुसरें रूप तोंड चुकविण्याचें. येथें काटा पलंगाखालीं ढकलला जातो. डॉक्टरांकडे जाण्याची तारीख टळते, कारण "वजन वाढलेलें दिसलें तर ते काय म्हणतील?" नापास होण्याच्या भीतीनें परीक्षेसच न बसणाऱ्या विद्यार्थ्यासारखी ही स्थिति होय. परीक्षा टाळल्यानें विषय येत नाहीं, आणि काटा टाळल्यानें वजन थांबत नाहीं. ज्या वेळीं दोन-तीन किलोंची वाढ सहज आवरली असती, ती वेळ निघून जाते. शिवाय जीवनसत्त्वांची व रक्ताची तपासणीही राहून जाते, हें नुकसान वेगळेंच.

मग काट्याशीं संबंध ठेवावा तरी कसा? येथें काट्याचा स्वभाव ओळखला पाहिजे. खारट जेवण झालें, पाऊस-उन्हाळा बदलला, स्त्रियांचे मासिक दिवस जवळ आले, तर शरीरांत पाणी सांचून किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. ती चरबी नव्हे. शिवाय काटा चरबी व स्नायु यांत भेद करीत नाहीं. या बाबतींत एक बोलकें उदाहरण आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचें एकत्र छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें काढलेला वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु याज्ञिकांच्या शरीरांत चरबी २१.२ टक्के, तर युडकिनांच्या शरीरांत ९.१ टक्के! आंकडा एकच, शरीरें निराळीं. म्हणून वजनाबरोबर कमरेचा घेर, रक्तांतील साखर, रक्तदाब, जिना चढण्याची शक्ति, रात्रीची झोंप, याही गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

व्यवहारांत एक साधा नियम उपयोगी पडतो. आठवड्यांतून एकदां, ठराविक वारीं, सकाळीं शौचानंतर व न्याहारीपूर्वीं वजन करावें, तें वहींत लिहावें, आणि वही मिटावी. चार आठवड्यांचे आंकडे एकत्र पाहावे. एका दिवसाच्या आंकड्यावर निकाल देऊं नये. दुसरें असें कीं, मन शांत असतांना डॉक्टरांबरोबर बसून एक रेषा ठरवून घ्यावी. "स्थिरावलेल्या वजनापेक्षां इतके किलो वाढले आणि महिनाभर टिकले, तर मी आपणांस भेटेन," असा तो करार. रेषेच्या आंत आहे तोंवर काळजी करण्याचें काम नाहीं; रेषा ओलांडली तर काय करावयाचें हें आधींच ठरलेलें आहे. अनिश्चिततेवर पोसणाऱ्या भीतीचें अर्धें बळ अशा लेखी करारानें जातें.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. शस्त्रक्रियेनंतर दिवसाकाठीं निदान ६० ग्रॅम प्रथिनें पोटांत जावींत, असा सर्वसाधारण सल्ला असतो. प्रत्येकाचें प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवून देतात. आपल्या घरांत, विशेषतः शाकाहारी घरांत, येथेंच फसगत होते. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें असतात, पेलाभर दुधांतही साधारण तेवढींच. पोळी-भातानें लहानसें जठर आधीं भरून टाकलें तर उसळीस, वरणास, दह्यास, पनीरास जागाच उरत नाहीं. म्हणून पानांत प्रथम मोड आलेल्या कडधान्याची उसळ, घट्ट वरण, अंडें किंवा मासळी संपवावी, मग भाजी, आणि शेवटीं भूक असेल तर पोळी वा भात. घास लहान, चावणें सावकाश; पाणी जेवणाबरोबर न घेतां सुमारें अर्ध्या तासानें प्यावें.

वजन परत येण्याची वाट बहुधा भरल्या ताटांतून जात नाहीं. ती येतां-जातां तोंडांत टाकलेल्या बकाण्यांतून जाते. लहान जठरांत दोन पोळ्या मावत नाहींत हें खरें. परंतु चिवडा, फरसाण, बिस्किटें, आइस्क्रीम, गोड चहा हे पदार्थ थोडे थोडे करून दिवसभर सहज उतरतात, तृप्ति देत नाहींत, आणि संध्याकाळीं हिशेब केला तर एका मोठ्या जेवणाइतके भरतात. यावर उपाय उपासाचा नव्हे, वेळापत्रकाचा. जेवणाच्या व मधल्या खाण्याच्या वेळा ठराव्या, खाणें बशींत वाढून, बसून व्हावें. उभ्यानें, डब्यांत हात घालून होऊं नये. बायपास झालेल्यांनीं गोडाच्या बाबतींत अधिक जपावें. एकदम साखर पोटांत गेल्यास त्यांपैकीं पुष्कळांना घाम, धडधड व चक्कर यांचा त्रास होतो. मद्यही त्यांच्या रक्तांत लवकर भिनतें, आणि अन्नांत मिळणारा दिलासा पुढें मद्यांत शोधण्याचा धोका असतो, तोही ओळखून असावें. ब-१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम हीं पूरक औषधें डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें जन्मभर चालूं ठेवावीं. रोज चालणें चांगलेंच. त्याच्या जोडीस स्नायु राखणारा व्यायाम, मग तो बैठकांचा असो वा वजनें उचलण्याचा, आठवड्यांतून दोन-तीनदां झाला पाहिजे.

इतकें करूनही मन ऐकत नाहीं, हाच खरा प्रश्न आहे. मनास निव्वळ 'भिऊं नकोस' म्हणून तें ऐकत नसतें. त्याच्याशीं पुराव्यानें बोलावें लागतें. मानसोपचारांतील एक प्रसिद्ध रीत अशी कीं, भीतीचें वाक्य जसेंच्या तसें कागदावर लिहावें. "लग्नांत एक पुरणपोळी खाल्ली, आतां पूर्वीसारखी लठ्ठ होणार." मग त्याखालीं दोन रकाने करावे : यांतलें घडलेलें किती, आणि भाकित किती? घडलें तें एवढेंच कीं एक पुरणपोळी खाल्ली. बाकीचें सारें भाकित. तीस किलो वजन एका पोळीनें येत नाहीं. तें महिनोन् महिने चालणाऱ्या सवयींनीं येतें, आणि सवय बदलण्यास पुढचें जेवण हातांत असतेंच. तसेंच, खाण्याची ओढ लागली म्हणजे दहा मिनिटें थांबून विचारावें, ही पोटाची भूक आहे कीं कंटाळ्याची, एकटेपणाची, अपमानाची? कित्येकांनीं वर्षानुवर्षें दुःखावर अन्नाचें औषध घेतलेलें असतें. शस्त्रक्रियेनें जठर लहान होतें, दुःख लहान होत नाहीं. तें बोलून दाखविण्यास एखादी मैत्रीण, एखादें वाचन, एखादा फेरफटका अशी दुसरी जागा निर्माण करावी लागते.

आणखी एक नवल असें कीं, शरीर उतरतें पण मनांतलें जुनें चित्र लवकर पुसत नाहीं. दोन खुर्च्यांच्या मधून जातांना अशी व्यक्ति अद्याप अंग चोरते. दुकानांत जुन्याच मापाचा कपडा मागते. आरशांतलें रूप तिला उसनें आणल्यासारखें वाटतें, म्हणून तें परत करावें लागेल अशी धाकधूक. यास काळ हेंच बरेंचसें औषध आहे. जुने मोठे कपडे 'पुढें लागतील' म्हणून जपून न ठेवतां देऊन टाकणें हेंही त्यास साहाय्यक होतें. परंतु झोंप उडाली, कशांत मन रमेनासें झालें, खाणें आणि ओकून टाकणें असा क्रम सुरू झाला, किंवा जीव नकोसा वाटूं लागला, तर तें धीरानें सोसण्याचें दुखणें नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाकडे त्वरित जावें. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या 'टेली-मानस' या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक विनामूल्य आहे.

आणि समजा, वजन खरोखरच रेषेबाहेर वाढलें, तर? तर तो तपासाचा विषय आहे, शिक्षेचा नव्हे. डॉक्टर प्रथम कारण शोधतात : थायरॉइड ग्रंथीचा विकार, इन्शुलिन, स्टेरॉइड किंवा मनावरच्या कांहीं औषधांचा परिणाम, अपुरी झोंप, रजोनिवृत्ति, जठराची पिशवी वा नळी सैल होणें, कीं खाण्याची बिघडलेली घडी. त्याप्रमाणें आहार सुधारणें, समुपदेशन, लिराग्लूटाइड, सेमाग्लूटाइड, टिर्झेपटाइड यांसारखीं भूक आवरणारीं नवीं औषधें, आणि निवडक रुग्णांत दुसरी शस्त्रक्रिया, असे मार्ग आज उपलब्ध आहेत. रक्तदाब वाढला म्हणून गोळी बदलली तर कोणी लाजत नाहीं. स्थौल्य हाही तसाच चिवट, परतून येऊं पाहणारा विकार आहे. त्याच्या उपचारांत दुसरा टप्पा आला म्हणून पहिला वाया गेला असें होत नाहीं.

शेवटीं घरच्या मंडळींविषयीं. आपल्याकडे प्रेम आग्रहानें दाखविण्याची रीत आहे, आणि टीकाही प्रेमाचीच समजली जाते. "किती वाळलीस ग, जरा खा कीं!" असें एक आत्या म्हणते, सहा महिन्यांनीं दुसरी म्हणते, "पुन्हां अंगावर आलेलं दिसतंय." बोलणाऱ्या दोघी विसरतात, ऐकणारी रात्रभर जागते. घरांत वजनाचा विषय ज्याचा त्यानें काढल्याशिवाय इतरांनीं काढूं नये. ताटाकडे पहारेकऱ्यासारखें पाहूं नये, वाढतांना आग्रह करूं नये. त्याऐवजीं उसळ घरांत सर्वांसाठीं व्हावी, फरसाणाचा डबा मेजावरून उचलला जावा, आणि जेवणानंतर फिरावयास कोणीतरी सोबत जावें. घरांतल्या एकट्या माणसावर पथ्य लादलें म्हणजे तें शिक्षेसारखें वाटतें. सर्वांचें झालें म्हणजे ती घरची रीत होते.

भीति पूर्णपणें जाईल अशी अपेक्षा ठेवूं नये. ज्यानें वर्षानुवर्षें जड शरीराचा भार आणि लोकांचे टोमणे सोसले, त्याच्या मनांत ती कांहीं अंशीं राहणारच. मात्र तिच्या हातीं घराच्या किल्ल्या देऊं नयेत. आठवड्याचें वजन, ठरलेली रेषा, प्रथिनांनीं सुरू होणारें ताट, नेमानें डॉक्टरांची भेट, आणि कठीण दिवशीं एखाद्या विश्वासू माणसाजवळ चार शब्द, एवढी व्यवस्था घरांत असली म्हणजे पुरे. शस्त्रक्रिया करून घेतली ती काट्यावरचा एक आंकडा राखण्यासाठीं नव्हे. नातवंडांबरोबर चालतां यावें, पंगतींत बसतां यावें, जगण्यांत मोकळेपणा यावा, यासाठीं. तो मोकळेपणा भीतीच्या पायीं गमावला जाऊं नये, याचीही काळजी वजनाइतकीच घेतली पाहिजे.